इंग्रजी 'गिव्ह अप' आणि जर्मन 'आउफगेबेन' : अव्यययुक्त क्रियापदांच्या भाषांतरात मराठीचे स्थान

प्रस्तावना

महाराष्ट्रात जर्मन भाषेच्या अध्ययनास मोठी परंपरा आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधील विदेशी भाषा विभाग व मॅक्सम्युलर भवन या संस्थांनी अनेक पिढ्यांना ही भाषा शिकविली. तथापि हे अध्ययन दीर्घकाळ प्रामुख्याने मोठ्या शहरांपुरते मर्यादित राहिले. आता परिस्थिती बदलत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक स्तरावर शिकविता येतील अशा विदेशी भाषांत जर्मनचा उल्लेख आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पुरविण्यासंबंधी करार झाला. त्यामुळे परिचर्या, वीजजोडणी, वाहनदुरुस्ती यांसारख्या व्यवसायांत शिरू इच्छिणाऱ्या ग्रामीण तरुणांपुढेही जर्मन भाषेचा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला आहे. भिवापूर, उमरेड, नागभीड या परिसरातील मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थीही त्याला अपवाद नाही.

या विद्यार्थ्याची एक विशेष अडचण आहे. त्याला उपलब्ध होणारी बहुतेक पुस्तके, शब्दकोश आणि संगणकीय साधने जर्मनचा अर्थ इंग्रजीतून सांगतात. म्हणजे मराठी विद्यार्थी जर्मनकडे जातो तो इंग्रजीच्या दारातून. या दारातच इंग्रजीतील 'फ्रेजल व्हर्ब' नावाचा एक उंच उंबरठा आहे. प्रस्तुत लेखात 'गिव्ह अप' हे एक क्रियापद मध्यवर्ती धरून त्याचे जर्मन भाषांतर कसे होते, ते कोठे फसते, आणि या कामी मराठीचा कितपत उपयोग होतो, याचे विवेचन केले आहे. जर्मन शब्दांचे उच्चार देवनागरीतील जवळच्या ध्वनींनी दर्शविले आहेत.

अव्यययुक्त क्रियापदाचे स्वरूप

साध्या क्रियापदास 'अप', 'ऑफ', 'आऊट', 'डाऊन' यांसारखे अव्यय जोडून इंग्रजीत जे नवे क्रियापद तयार होते, त्यास येथे 'अव्यययुक्त क्रियापद' असे म्हटले आहे. 'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर. पण 'गिव्ह अप' म्हणजे वर देणे नव्हे. दोन घटकांच्या बेरजेतून अर्थ निघत नाही, हेच या रचनेचे मर्म होय. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच ही रचना परकीयांना सर्वांत अधिक अडचणीची ठरते, असे नमूद केले होते. 'फ्रेजल व्हर्ब' ही संज्ञा मात्र बरीच अलीकडची असून ती लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ मधील ग्रंथामुळे रूढ झाली.

जर्मन भाषेत या रचनेची सख्खी बहीण आढळते. इंग्रजी व जर्मन या दोन्ही जर्मानिक कुळातील भाषा असल्याने हे स्वाभाविकच आहे. जर्मनमध्ये 'आब', 'आन', 'आउफ', 'आउस', 'आइन', 'मिट', 'त्सू' इत्यादी उपपदे क्रियापदाच्या आधी लागतात व वाक्यात त्याच्यापासून विलगही होतात. यांना 'विलगक्षम उपपदे' म्हणता येईल. याउलट 'बे', 'एन्ट', 'एर', 'फेर', 'त्सेर' इत्यादी उपपदे कधीही विलग होत नाहीत. 'उम', 'युबर', 'डुर्श', 'उन्टर' अशी काही उपपदे दोन्ही प्रकारे वागतात, आणि आघात कोठे पडतो यावर त्यांचा अर्थ ठरतो. 'युबरझेत्सेन' या शब्दात आघात 'झेत्सेन' वर दिला तर अर्थ होतो भाषांतर करणे; 'युबर' वर दिला तर अर्थ होतो पैलतीरी नेणे. 'उमफारेन' मध्ये आघात मूळ क्रियापदावर असेल तर वळसा घालून जाणे, आणि उपपदावर असेल तर धडक देऊन पाडणे. वाहन चालविणाऱ्याच्या दृष्टीने हा भेद किरकोळ नव्हे.

'गिव्ह अप' : एक क्रियापद, अनेक वाटा

शब्दकोशात 'गिव्ह अप' या नोंदीसमोर पहिला जर्मन पर्याय बहुधा 'आउफगेबेन' हाच दिलेला असतो. 'आउफ' म्हणजे वर, 'गेबेन' म्हणजे देणे. घटकाला घटक जुळतो आणि विद्यार्थ्याला समाधान वाटते. पुष्कळ ठिकाणी हा पर्याय योग्यही ठरतो. आशा सोडणे म्हणजे 'डी होफनुंग आउफगेबेन'. स्पर्धेत किंवा कोड्यात हार मानताना 'इश गेबे आउफ' असे म्हणतात. रुग्ण बरा होण्याची आशा डॉक्टरांनी सोडली, म्हणजे आपल्या भाषेत त्यांनी हात टेकले, तर तेथेही 'आउफगेबेन' चालते.

परंतु पुढील प्रयोग पाहावेत. धूम्रपान सोडणे यासाठी 'आउफगेबेन' चालत असले, तरी रोजच्या बोलण्यात 'आउफहोरेन', म्हणजे थांबणे, हे क्रियापद 'मिट' या शब्दयोगी अव्ययासह येते. नोकरीचा राजीनामा देणे यासाठी 'क्युंडिगेन' हे स्वतंत्र क्रियापद आहे. बसमध्ये वृद्धास आपली जागा देणे यासाठी 'युबरलासेन' योग्य ठरते. गुन्हेगाराने पोलिसांच्या स्वाधीन होणे यासाठी 'झिश श्टेलेन' असा आत्मवाचक प्रयोग करावा लागतो. इंग्रजीत या सर्व ठिकाणी 'गिव्ह अप' हेच एक क्रियापद असते.

आता मराठीकडे पाहू. आशा सोडणे, हार मानणे, हात टेकणे, व्यसन सोडणे, राजीनामा देणे, जागा देणे, शरण येणे. म्हणजे इंग्रजीने जे एका शब्दाच्या पोटात दडविले आहे, ते मराठीने आधीच उलगडून ठेवले आहे. विद्यार्थ्याने 'गिव्ह अप' वरून थेट जर्मनकडे उडी न घेता, 'हे मी मराठीत कसे म्हणेन?' असा प्रश्न स्वतःस विचारला, तर अर्धे काम तेथेच होते.

उलट दिशेचा धोका याहून मोठा आहे. जर्मन 'आउफगेबेन' चे अर्थ 'गिव्ह अप' पुरते थांबत नाहीत. प्रवासाचे सामान विमानतळावर सुपूर्द करणे, वर्तमानपत्रात जाहिरात देणे, मालाची मागणी नोंदविणे, विद्यार्थ्यांना गृहपाठ देणे, या सर्वांसाठी 'आउफगेबेन' वापरतात. त्यापासून बनलेले 'आउफगाबे' हे नाम जर्मनच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात 'स्वाध्याय, कार्य' या अर्थाने आढळते. तेच नाम 'सोडून देणे, त्याग' या अर्थानेही येते. शिक्षकाने गृहपाठ दिला या वाक्याचा अर्थ घटकशः भाषांतर करणारा विद्यार्थी शिक्षकाने गृहपाठ सोडून दिला असा लावील. अर्थ कर्मावरून ठरतो, केवळ क्रियापदावरून नव्हे, ही गोष्ट येथे ठळकपणे दिसून येते.

घटकांचे साम्य : उपकारक आणि फसवे

सर्वच ठिकाणी साम्य फसवे असते असे मात्र नाही. 'स्टँड अप' म्हणजे 'आउफश्टेएन', 'वेक अप' म्हणजे 'आउफवाखेन', 'ईट अप' म्हणजे 'आउफएसेन'. या शेवटच्या शब्दास मराठीत 'खाऊन टाकणे' किंवा 'खाऊन संपविणे' असा चपखल पर्याय आहे. पण त्याच्याच शेजारचे 'ड्रिंक अप' घेतले की 'अप' चे 'आउफ' होत नाही. तेथे 'आउसट्रिंकेन' येते, म्हणजे 'आउस' हे बाहेर या अर्थाचे उपपद. 'ड्राय अप' चेही 'आउसट्रोकनेन' होते. तात्पर्य, 'अप' साठी 'आउफ' हा नियम नव्हे, तो केवळ एक संभव होय.

काही ठिकाणी साम्य सरळसरळ घातक ठरते. 'लुक आफ्टर' चे घटक जुळविले तर 'नाखझेएन' हाती येते. त्याचा नेहमीचा अर्थ तपासून पाहणे असा आहे. रुग्णाची शुश्रूषा करणे यासाठी 'प्फ्लेगेन', मुलाला सांभाळणे यासाठी 'आउफपासेन' किंवा 'बेट्रॉयेन' हवे. 'ब्रिंग अप' म्हणजे मूल वाढविणे, तेव्हा जर्मनमध्ये 'एरत्सीएन'. पण रुग्णाने अन्न 'ब्रिंग अप' केले असे परिचारिका सांगते तेव्हा ते 'एरब्रेशेन', म्हणजे ओकणे. आणि 'ब्रिंगेन' ला अंदाजाने 'उम' हे उपपद लावले तर 'उमब्रिंगेन', म्हणजे ठार मारणे.

परिचर्येच्या क्षेत्रातील आणखी एक उदाहरण मननीय आहे. पाळी संपताना एक परिचारिका दुसरीकडे रुग्णांची माहिती व जबाबदारी सोपविते. इंग्रजीत यास 'हँड ओव्हर' म्हणतात; जर्मनमध्ये 'युबरगेबेन', आणि या कामाचे नाम 'युबरगाबे'. परंतु याच क्रियापदास 'झिश' हे आत्मवाचक सर्वनाम लागले की 'झिश युबरगेबेन' म्हणजे वांती होणे. एका छोट्या सर्वनामाच्या अंतराने रुग्ण सुपूर्द केला जातो किंवा त्याला उलटी होते. मराठीत सुपूर्द करणे आणि उलटी होणे यांत गोंधळ होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून अर्थाची तपासणी मराठीत करणे हे येथे सुरक्षिततेचे साधन ठरते.

भारतीय इंग्रजीचा प्रश्न यात भर घालतो. आपल्याकडे 'पास आऊट' म्हणजे पदवी परीक्षा उत्तीर्ण होऊन बाहेर पडणे. विद्यार्थी आपल्या परिचयपत्रात तसे लिहितो. ब्रिटिश व अमेरिकी इंग्रजीत मात्र या शब्दाचा सर्वसामान्य अर्थ शुद्ध हरपणे असा आहे, आणि कोशात त्यासमोर 'ओनमेश्टिश वेर्डेन' किंवा 'बेवुस्टलोस वेर्डेन' हेच मिळेल. हा विद्यार्थी कोशावर विसंबून आपण अमुक साली बेशुद्ध झालो असे जर्मनमध्ये लिहून मोकळा होईल. त्याच्या मनातील 'उत्तीर्ण झालो' हे मराठी वाक्य त्याने आधी लिहिले असते, तर ही आपत्ती टळली असती.

परिसरातील क्रिया आणि तिन्ही भाषांची विभागणी

भिवापूरचा परिसर मिरचीसाठी प्रसिद्ध असून भिवापुरी मिरचीस भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले आहे. शेतातील व घरातील कामाच्या क्रिया घेतल्या तर तिन्ही भाषांची अर्थविभागणी स्पष्ट होते. इंग्रजीतील 'पिक' हे क्रियापद घ्यावे. मिरची तोडणे म्हणजे 'पिक'. देठ खुडणे म्हणजे 'पिक ऑफ'. चांगली मिरची निवडून बाजूला काढणे म्हणजे 'पिक आऊट'. खाली पडलेली वस्तू उचलणे म्हणजे 'पिक अप', आणि पाहुण्याला स्थानकावरून घेऊन येणे म्हणजेही 'पिक अप'.

मराठीत तोडणे, खुडणे, निवडणे, उचलणे, घेऊन येणे अशी पाच क्रियापदे झाली. जर्मनमध्येही अनुक्रमे 'प्फ्लुकेन', 'आबत्सुप्फेन', 'आउसझॉर्टीरेन', 'आउफहेबेन' आणि 'आबहोलेन' अशी पाच निराळी क्रियापदे येतात. इंग्रजीतील एकच मूळ धातू येथे विद्यार्थ्याला साह्य करीत नाही. मराठीतील पाच क्रियापदे मात्र जर्मनमधील पाचांना एकास एक अशी जोडता येतात.

वस्त्रे धारण करण्याच्या क्रियाही अशाच आहेत. इंग्रजीत सर्वत्र 'पुट ऑन'. मराठीत सदरा घालतात, साडी नेसतात, चष्मा लावतात, फेटा बांधतात. जर्मनमध्ये सदऱ्यास 'आनत्सीएन', टोपी व चष्म्यास 'आउफझेत्सेन', कमरेच्या वस्त्रास 'उमबिंडेन', जखमेवरील पट्टीस 'आनलेगेन'. दोन्ही भाषांतील विभागणी तंतोतंत सारखी नाही. पण कोणती वस्तू आणि शरीराच्या कोणत्या भागावर, हे पाहून क्रियापद निवडण्याची सवय मराठी भाषकास जन्मतः असते. हीच सवय जर्मनला हवी असते.

अर्थात मराठीची वाट सर्वत्र पुरेशी नाही, हेही सांगितले पाहिजे. आपण कापूस वेचतो आणि झाडाखाली पडलेली मोहफुलेही वेचतो. जर्मनमध्ये झाडावरून घेणे ते 'प्फ्लुकेन' आणि जमिनीवरून गोळा करणे ते 'आउफलेझेन'. येथे मराठीने जो भेद केला नाही तो विद्यार्थ्यास नव्याने शिकावा लागतो. मात्र त्यातही एक सुखद साम्य आढळते. 'लेझेन' या क्रियापदाचा आजचा प्रमुख अर्थ वाचणे असा असला तरी गोळा करणे हा त्याचा जुना अर्थ द्राक्षांच्या तोडणीसारख्या कामांत अजून टिकून आहे. आपल्याकडेही साहित्यातून निवडलेल्या उताऱ्यांना 'वेचे' म्हणतात.

वाक्यरचना : शेवटपर्यंत थांबण्याची सवय

अर्थानंतर प्रश्न येतो तो रचनेचा. इंग्रजीत अव्यय क्रियापदाच्या लगत किंवा लहानशा कर्मानंतर येते. जर्मनमधील साध्या विधानवाक्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी राहते आणि उपपद थेट वाक्याच्या अखेरीस जाते. 'इश गेबे डी होफनुंग निश्ट आउफ' या वाक्यात 'गेबे' आणि 'आउफ' यांच्यामध्ये कर्म व नकार दोन्ही सामावले आहेत. जर्मन व्याकरणकार यास वाक्याचा कंस म्हणतात. हा कंस कितीही लांबू शकतो. अनभ्यस्त विद्यार्थी 'गेबे' पाहून कोशात 'गेबेन' शोधतो, 'देणे' हा अर्थ घेतो आणि वाक्य भलतीकडे नेतो.

मराठी भाषकास मात्र वाक्याच्या अखेरीपर्यंत निर्णय राखून ठेवण्याची सवय असते. 'मी उद्याच्या बैठकीला काही झाले तरी येणार' एवढे ऐकल्यावरही 'नाही' हा शब्द येऊ शकतो, हे त्यास ठाऊक असते. गौण वाक्यात तर जर्मन क्रियापद स्वतःच अखेरीस जाऊन उपपदाशी पुन्हा जुळते आणि रचना मराठीच्या अगदी जवळ येते. इंग्रजीच्या सवयीने पाहणाऱ्यास जे उलटे वाटते, ते मराठीच्या सवयीने पाहणाऱ्यास परिचित वाटावे.

संयुक्त क्रियापदांची रचनाही येथे आठवावी. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या ग्रंथात व त्यानंतरच्या व्याकरणांत 'सोडून देणे', 'लिहून घेणे' यांसारख्या रचनांची चर्चा आढळते. 'त्याने नोकरी सोडून का दिली?' या वाक्यात 'सोडून' आणि 'दिली' यांच्यामध्ये 'का' हा शब्द शिरला आहे, तरी अर्थाचे एकत्व भंगले नाही. जर्मनमध्येही भूतकालवाचक धातुसाधितात 'गे' हा घटक उपपद व क्रियापद यांच्यामध्ये शिरतो आणि 'आउफगेगेबेन' असे रूप होते. 'त्सू' हा शब्दही तसाच मध्ये येऊन 'आउफत्सुगेबेन' होते.

संस्कृत उपसर्गांचा दाखला तर मराठीच्या अध्यापकास सहज देता येईल. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार या शब्दांत धातू एकच असून उपसर्गाने अर्थ पालटतो, हे आपण शाळेतच शिकवितो. लौकिक संस्कृतात उपसर्ग धातूस चिकटून राहतो. परंतु वैदिक भाषेत तो धातूनंतरही येऊ शकतो आणि मध्ये इतर शब्दही येऊ शकतात, असे पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायातील चौथ्या पादात नोंदविले आहे. म्हणजे विलग होणारे उपपद ही आपल्या भाषापरंपरेला अगदीच अनोळखी गोष्ट नव्हे.

अध्यापनासाठी काही सूचना

वरील विवेचनावरून वर्गात पुढील क्रम उपयुक्त ठरेल असे वाटते.

१. इंग्रजी अव्यययुक्त क्रियापद एकटे पाठ करवू नये. ते नेहमी कर्मासह द्यावे. 'गिव्ह अप' असे न देता आशा, जागा, नोकरी, धूम्रपान यांसह द्यावे.

२. जर्मन पर्याय शोधण्यापूर्वी विद्यार्थ्याकडून मराठी वाक्य लिहून घ्यावे. हे वाक्य त्याच्या बोलीतील असले तरी हरकत नाही. अर्थ नेमका असला पाहिजे.

३. मराठी क्रियापद बदलले की जर्मन क्रियापदही बदलेल अशी शक्यता गृहीत धरून कोश पाहावा, आणि मिळालेला पर्याय त्याच कर्मासह वापरला जातो की नाही याची खात्री करावी.

४. जर्मन वाक्य वाचताना आधी अखेरचा शब्द पाहण्याची सवय लावावी. तेथे उपपद आढळल्यास ते क्रियापदास जोडून मगच कोश उघडावा.

५. आत्मवाचक सर्वनाम आणि आघात या दोन गोष्टी शब्दाचाच भाग मानून शिकवाव्यात. याबाबतीत मराठी साह्य करू शकत नाही.

निष्कर्ष

'गिव्ह अप' चे जर्मन भाषांतर काय, या प्रश्नास एका शब्दाचे उत्तर नाही. 'आउफगेबेन' हे त्याचे सर्वांत जवळचे रूप असले तरी कर्म बदलताच 'आउफहोरेन', 'क्युंडिगेन', 'युबरलासेन', 'झिश श्टेलेन' अशा निरनिराळ्या क्रियापदांकडे जावे लागते. इंग्रजी व जर्मन यांचे कुळ एक असले तरी अर्थाच्या विभागणीत आणि वाक्याच्या घडणीत मराठी अनेकदा जर्मनच्या अधिक जवळ उभी असते.

ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थी इंग्रजीत कच्चा आहे, म्हणून त्याला जर्मन जमणार नाही, असा समज अध्यापकवर्गात आढळतो. परिचर्येच्या व्यवसायासाठी जर्मनीत साधारणपणे बी-२ पातळीचे भाषाज्ञान अपेक्षित असते, आणि हा समज विद्यार्थ्यास त्या पातळीच्या वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वीच मागे फिरवितो. वरील उदाहरणे पाहता तो समज तपासून घेणे आवश्यक आहे. खुडणे, वेचणे, निवडणे यांतील भेद ज्यास उपजत कळतो, त्याच्यापाशी जर्मन शिकण्याची मोठी सामग्री आधीच आहे. तिचा वर्गात उपयोग करून घेणे हे जर्मनच्या अध्यापकाइतकेच मराठीच्या अध्यापकाचेही काम होय, आणि दोघांनी मिळून ते केल्यास या परिसराच्या भाषेत लिहिलेली, मराठीतून जर्मनकडे नेणारी अभ्यासपुस्तिका महाविद्यालयीन पातळीवरही सिद्ध होऊ शकेल.